अंगठ्याएवढा गंज

मित्रांनो, शून्यापासून पंचवीस मिलिमीटरपर्यंत, एवढेच माझे जग. त्याहून जाड वस्तू माझ्या तोंडात मावत नाही, आणि जे तोंडात मावत नाही त्याबद्दल मी बोलत नाही. मी मायक्रोमीटर आहे. वयाने जुना, स्वभावाने काटेकोर आणि खरे सांगायचे तर थोडा शिष्ट. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी मिलिमीटरपाशी येऊन थांबते. मी त्या एका मिलिमीटरचे शंभर भाग करतो आणि त्यातला एकही इकडचा तिकडे होऊ देत नाही. म्हणजे, होऊ देत नव्हतो. आता सगळे बोलायचे ते मागचेच.

माझी रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचे दुखणे तुम्हाला कळेल. घोड्याच्या नालेसारखी एक पोलादी कमान. तिच्या एका टोकाला घट्ट बसवलेली छोटी ऐरण, आणि समोरून तिच्याकडे सरकत येणारा दांडा. या दोघांमधली फट म्हणजे माझे तोंड. दांड्याच्या मागे अगदी बारीक आट्यांचा स्क्रू असतो आणि त्यावर रेघांची गोल नळी फिरते, एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तिला थिंबल म्हणतात. सगळ्यात शेवटी रॅचेट नावाची छोटी मूठ. दांडा वस्तूला पुरेसा टेकला की ती कट्-कट् करते आणि पुढे जोर लावू देत नाही. ज्या माणसाला कुठे थांबायचे ते कळत नाही, त्याच्यासाठी ती बसवलेली आहे.

मला घडवायला पाच आठवडे लागले. ऐरणीचे आणि दांड्याचे तोंड काचेवर घासून इतके सपाट केले होते की तपासणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि माझ्या कागदावर ‘उत्तम’ असे लिहिले. तेवढ्यावर मी कितीतरी वर्षे ताठ मानेने जगलो. एका मोठ्या कारखान्याच्या मापखोलीत माझी नेमणूक झाली. मापखोली म्हणजे जिथे बाकीची हत्यारे तपासायला येतात ती खोली. दोन दारे, मध्ये पायपुसणे, आत बारा महिने एकसारखा गारवा. तिथे कुणी मोठ्याने बोलत नसे, शिंकायचे असले तर बाहेर जावे लागे.

त्या खोलीत मी गंजोबाला पहिल्यांदा पाहिले. तेव्हा त्याचे हे नाव पडायचे होते. तो लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, काम करणारा टर्नर होता, तरुण होता आणि त्याच्या बोटांची कारखानाभर ख्याती होती. दोन सळया त्याच्या चिमटीत द्या, कुठली जाड ते तो डोळे मिटून सांगे. मग त्या सळया माझ्या तोंडात येत, आणि तो बरोबर निघे. मला जरा राग यायचा. माझे काम कुणी नुसत्या चिमटीने करावे, हे मला पटत नव्हते.

मापखोलीत जागा निघाली तेव्हा त्याने अर्ज केला. आत घेण्याआधी तिथे हाताची परीक्षा होत असे. काही माणसांच्या घामात असे काहीतरी असते की पोलादाला त्यांचा स्पर्श सोसत नाही. तो माणसाचा दोष नसतो आणि त्यावर औषधही नसते. परीक्षा साधी होती. आरशासारखा घासलेला पोलादी तुकडा पाच मिनिटे मुठीत धरायचा, न पुसता कपाटात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचा. दुसऱ्या दिवशी तुकडा बाहेर काढला तेव्हा त्यावर पाचही बोटे उमटली होती, बारीक रेघांसकट, तांबूस रंगात.

मापखोलीचे साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, “सोन्याचं काही ठेवलं असतं ना इथे, तर आजच घेतलं असतं तुम्हाला. पण सगळं पोलाद आहे हो.”

तो हसला. दाराबाहेर जाताना त्याने दोन्ही हात खिशात घातले. त्या दिवसापासून लेथखात्यात त्याला गंजोबा म्हणू लागले. चिडवणाऱ्यांनी चिडवले, कुणी हाक मारली की त्याने ओ दिली, आणि नाव चिकटले.

पुढे काही वर्षांनी मी एका नवशिक्याच्या हातून फरशीवर पडलो. दुरुस्त झालो, पण मापखोलीत एकदा पडलेल्याला पुन्हा मान मिळत नाही. माझी बदली लेथखात्यात झाली आणि नेमका गंजोबाच्या लेथवर गेलो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याच्या बोटांनी पोलाद गंजते त्याच्या हाताखाली मी? पण मित्रांनो, मला बावीस वर्षांत त्याच्याइतके हळुवार कुणी धरले नाही. मला उचलायचे तर तो आधी फडके घेई. थिंबल कधी घाईने फिरवली नाही. आणि पाळी संपली की मला त्याच फडक्यात गुंडाळून पुसणाऱ्या मावशींच्या हवाली करी. हत्यारे पुसून पेटीत ठेवणे हे मावशींचे काम. बाकीचे टर्नर आपापली हत्यारे स्वतः ठेवत. गंजोबाला मात्र लेथखात्याच्या साहेबांचा हुकूम होता, की मोजा हवे तेवढे, पण ठेवताना हात लावू नका. मावशी मला पुसत, थेंबभर तेल लावत, माझे तोंड किंचित उघडे ठेवत आणि पेटी मिटत.

हे ‘किंचित उघडे’ लक्षात ठेवा. दोन अगदी सपाट पोलादी तोंडे एकमेकांना चिकटवून ठेवली की त्यांच्यामध्ये ओल धरते. ती बाहेर पडत नाही आणि दोन्ही तोंडांना खात बसते. प्रत्येक टर्नरला हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. गंजोबाला कुणी शिकवले नाही, कारण त्याला ठेवायचेच नव्हते. बावीस वर्षे मोजणारा तो पक्का कारागीर, आणि एवढी एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी माझेही नाव बाद हत्यारांच्या यादीत गेले. मावशी त्याआधीच घरी बसल्या होत्या. साहेबांनी माझी पेटी गंजोबाच्या हातात दिली आणि म्हणाले, “न्या हा. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकतही नाही.” बसमध्ये त्याने पेटी मांडीवर धरली होती, आणि शेजारी बसलेल्या माणसाने काय आहे विचारले तेव्हा त्याने झाकण उघडून मला दाखवले.

घरी माझे दिवस मजेत गेले, हे मी नाकारत नाही. रिकाम्या दुपारी तो मला बाहेर काढी आणि घरातले काहीही मोजी. शर्टाचे बटण, वर्तमानपत्राचा कागद, झाडाचे पान. त्याची मुलगी उशिरा झालेली, तेव्हा अजून शाळेत होती. तिचा एक केस त्याने माझ्या तोंडात धरला आणि म्हणाला, “सहा रेघा. बारीक आहेत हिचे, आईवर गेलीय.” घरात त्याने फडके वापरणे सोडले होते. आता तो माझा होता आणि मी त्याचा, मग मध्ये फडके कशाला? शेवटी तो मला शर्टाच्या टोकाने पुसल्यासारखे करी, रॅचेट कट्-कट् वाजेपर्यंत माझे तोंड घट्ट मिटवी, आणि पेटीत ठेवी. धूळ जाऊ नये म्हणून. डबा झाकून ठेवावा तसे.

मी काय करणार? मला मोजता येते, ओरडता येत नाही. मग त्याच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, घर बदलले, आणि माझी पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर दोन वर्षे तशीच राहिली. ऐरण आणि दांडा एक झाले. स्क्रूच्या आट्यांतही गंज शिरला.

मुलीने टर्नरचाच कोर्स केला. तिथे वीस जणांत चार हत्यारे, त्यामुळे कशावर कुणाचा गंज चढला ते कुणी पाहिले नाही. ती हुशार निघाली. ज्या कारखान्यात बापाचा जन्म गेला, तिथून एका दुपारी पत्र आले. मापखोलीत जागा. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचे.

गंजोबाने पत्र तीनदा वाचले आणि स्टुलावर चढून माझी पेटी काढली. “मी त्या खोलीच्या दारातून परत आलो,” तो म्हणाला. “तू आत बसायचंस. आणि हा तुझ्या टेबलावर राहील. बाद असला म्हणून काय झालं? तिथलाच आहे तो.”

त्याने थिंबल फिरवली. ती हलली नाही. त्याने पुन्हा फिरवली. मग मुलीने मला घेतले. उकाड्याची दुपार होती, तिचा तळहात ओला होता. तिने अंगठा माझ्या कमानीवर घट्ट रोवला आणि दुसऱ्या हाताने जोर केला. मी हललो नाही. तिने मला न पुसता पेटीत ठेवले, कारण दोघांचेही मन थाऱ्यावर नव्हते.

त्यानंतरचे दोन आठवडे मी विसरू पाहतो. गंजोबाने माझ्यावर स्वयंपाकाचे तेल ओतले. ते आत शिरून चिकट झाले आणि गंजाच्या जोडीला खळ आली. त्याने मला गरम पाण्यात बुडवले. शेवटी थिंबलवर फडके गुंडाळून तिला पकडीने धरले, तेव्हा पकडीचे दात फडक्यातून माझ्या रेघांवर उमटले.

“सोडा आता त्याला,” मुलीची आई म्हणाली. “माझ्या दोन कात्र्या गेल्या तुमच्या हाताखाली, आता हा. अहो, तुम्ही जीव लावला की लोखंड जीव सोडतं.”

एरवी तो या चेष्टेला हसला असता. त्या दिवशी त्याने पकड खाली ठेवली आणि आपले हात उलटेसुलटे करून बघत बसला. मुलीने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी ती मला पिशवीत घालून घेऊन गेली.

अडकलेली हत्यारे सोडवणाऱ्या एक बाई होत्या. छापखान्याच्या वर, लाकडी जिन्याने जायचे, खिडकीपाशी एक टेबल. भिंतीला लागून पत्र्याच्या डब्यांची रांग होती आणि प्रत्येक डबीत तेलात बुडालेला कुणीतरी माझ्यासारखाच. म्हणून त्यांना डबीवाल्या बाई म्हणत.

“दांड्याचं लॉक बघितलंस का आधी?” त्यांनी विचारले. “दहातली तीन नुसती कुलूप लावलेली असतात. लोक पकड घेऊन बसतात आणि कुलूप काढायचं विसरतात.”

“बघितलं. उघडं आहे. मला पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या आत हवाय.”

“आणि ही पकड कुणी चालवली?”

“बाबांनी.”

“मग सोड. बाबांना कोण बोलणार?” बाईंनी मला भिंगाखाली धरले. “तोंड मिटून ठेवलंय. ठेवताना कुणी सांगितलं नाही वाटतं. नऊ दिवस लागतील. सोमवारच्या आत होईल, पण काय होईल ते आत्ता विचारू नकोस.”

आधी त्यांनी माझे चिकट तेल रॉकेलने धुऊन काढले. मग आठ दिवस पातळ तेलाच्या डबीत ठेवले. रोज एकदा बाहेर काढत, दिव्याच्या उबेत धरत, लाकडी दांडक्याने कमानीवर टकटक करत आणि पुन्हा बुडवत. जोर लावायचा नाही हा त्यांचा नियम होता. “हे रुसलेलं नाही, ओढून आणायला,” त्या स्वतःशीच म्हणत. नवव्या दिवशी त्यांनी थिंबल उघडायच्या दिशेने न फिरवता आधी उलट दाबली, मग सोडली. केसाएवढी हलली. पुढे, मागे, एक थेंब तेल, पुढे, मागे. तासाभराने माझ्या तोंडातून काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज आला आणि ऐरण व दांडा वेगळे झाले. मला वाटले, आता मी वाचलो.

बाईंनी दोन्ही तोंडे भिंगाखाली पाहिली आणि मुलीला बोलावून दाखवली. ‘उत्तम’ म्हणून गौरवलेल्या त्या तोंडांवर आता खड्डेच खड्डे होते.

“फिरेल,” त्या म्हणाल्या. “पण खरं बोलणार नाही. मोजायला हा संपला.”

“बाबांना फिरला तरी चालेल,” मुलगी म्हणाली. “त्यांना फक्त माझ्या टेबलावर बघायचाय. मापखोलीत लागलेय मी.”

बाईंनी मला आडवे केले आणि कमान भिंगाखाली घेतली. “हे काळे ठसे तुझ्या बाबांचे. मोठे आहेत, जुने आहेत. पण हा एक लहान आहे. तीनचार आठवड्यांतला. हा कुणाचा?”

मुलीने आपला अंगठा त्या ठशाशेजारी ठेवला. रुंदी तीच होती. वरच्या कोपऱ्यात लहानपणी कापल्याची एक तिरकी रेघ होती, तीही तिथे उमटलेली होती.

बाईंनी खणातून घासलेला पोलादी तुकडा काढला. “घाबरू नकोस. उकाड्यात कधीकधी कुणाचाही उमटतो. धर मुठीत. उद्या दुपारी ये.”

तो तुकडा माझ्याच शेजारी फळीवर ठेवला होता. मी जन्मभर जे आहे ते सांगितले, पण त्या वेळी पहिल्यांदा मला वाटले की मोजमाप चुकावे. सकाळी उजाडले तेव्हा तुकडा स्वच्छ दिसत होता. मग ऊन खिडकीत आले आणि मला पाच डाग दिसले. दुपारी मुलगी आली, तिने तुकडा हातात न घेता नुसता पाहिला, आणि खुर्चीवर बसली.

“बाबांना यातलं काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “माझा हात त्यांच्याकडून आलाय हे त्यांना कळलं ना, तर ते स्वतःला कधी माफ करणार नाहीत.”

“परीक्षेत कळेलच की.”

“परीक्षेला बसलेच नाही तर?”

बाईंनी मला पुसून, तेल लावून, तोंड उघडे ठेवून तिच्या हातात दिले. हातमोजे घालून मापखोलीत काम कर, असे त्या म्हणाल्या नाहीत. मोज्यांतून मापाचा स्पर्श कळत नाही, हे दोघींना ठाऊक होते.

घरी गंजोबा दारातच उभा होता. “सुटला?”

“सुटला, बाबा. हे बघा, फिरतो.”

त्याने थिंबल फिरवली, रॅचेट कट्-कट् वाजली, आणि त्याचा चेहरा इतका उजळला की मला तिकडे पाहवेना. मग मुलगी म्हणाली, “पण मी मापखोलीत नाही जाणार. लेथखात्यात जागा आहे, तिथे विचारून आले. मला लेथच आवडतो. दिवसभर गप्प बसून मोजायचं माझ्याने नाही होणार.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” गंजोबा ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकले नव्हते. “ज्या दारातून मला परत पाठवलं ते दार तुझ्यासाठी उघडलंय, आणि तू म्हणतेस आवडत नाही? मी आयुष्यभर त्या खोलीकडे बघत लेथ चालवला ग!”

“तुमचं स्वप्न आहे ते, माझं नाही,” ती म्हणाली. हे वाक्य तिने जिन्यावर दोनदा म्हणून पाहिले होते. मी तिच्या पिशवीत होतो, मला ठाऊक आहे.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जेवायला बसला की भिंतीकडे बघे. सोमवार आला आणि ती डबा घेऊन लेथखात्यात गेली. ती गेल्यावर त्याने माझी पेटी घेतली आणि खिडकीशी बसला. बहुधा मनाला विरंगुळा म्हणून. चष्मा लावून त्याने मला उजेडात फिरवले. आपल्या पकडीच्या खुणा पाहिल्या, खड्डे पाहिले, आणि मग कमान पाहिली.

मित्रांनो, गंजाचे ठसे वाचण्यात त्याच्याइतका जाणकार जगात दुसरा नसेल. जन्मभर त्याने तेच वाचले होते. तो लहान अंगठा, ती तिरकी रेघ. लहानपणी तो अंगठा कापला तेव्हा पट्टी त्यानेच बांधली होती.

त्याने मला डोळ्यांजवळ आणले. त्याचा श्वास माझ्यावर पडत होता. “माझ्याकडून तुला एवढंच मिळालं का ग,” असे काहीसे तो म्हणाला. मग त्याने आपला मोठा अंगठा त्या लहान ठशावर ठेवला आणि दाबून धरला. सोडला, पुन्हा ठेवला. पुढे कितीतरी दिवस, ती कामावर गेली की तो हेच करत असे. हळूहळू तिथला गंज पसरला. लहान अंगठा मोठ्याखाली बुडाला, तिरकी रेघ गेली.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने मला तिच्यासमोर धरले. “बघ, पुन्हा माझाच हात लागला याला. सगळं माझंच आहे हे. माझ्याशिवाय कुणाचंच नाही.”

ती त्या जागेकडे पाहत राहिली. तिला सारे कळले. “हो बाबा,” ती म्हणाली. “तुमचंच आहे.”

त्यानंतर दोघांनी हा विषय काढला नाही. विचारणाऱ्यांना तो सांगतो, पोरीला लेथच आवडतो. मापखोलीत आता दुसरेच कुणी बसते. मला कुणी मोजायला घेत नाही. घेतले तरी मी खोटे बोलेन.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कामाच्या ठिकाणी मोजायची हत्यारे असतील. काम झाले की ती फडक्याने पुसा. थेंबभर पातळ तेल लावा. तोंड मिटून ठेवू नका, कागद जाईल एवढी फट असू द्या. कधी अडकलीच, तर आधी कुलूप पाहा आणि मग जाणत्याकडे न्या, पकड हातात घेऊ नका. जीव लावणे पुरेसे नसते, कसे ठेवायचे तेही शिकून घ्यावे लागते. आणि ज्याचे हात गंजाचे आहेत त्याला हसू नका, हात निवडणे कुणाच्या हातात नसते.

माझ्यासाठी मात्र काही करू नका. मी आता कशाच्याच कामाचा नाही. तरी कधी तुमच्या हाती आलो आणि दया येऊन मला घासायला घेतलेत, तर एवढे ऐका. बाकी सगळा गंज काढा, कमानीवरची ती अंगठ्याएवढी जागा तेवढी सोडा.